ताटली क्रमांक अकरा

धारूरचा घाट चढून आलं की डाव्या हाताला माळ,
माळावर पत्र्याचं प्रार्थनाघर.
ते आमच्या घराला टेकलेलं, की आमचं घर त्याला,
हे मला कधी नीट सांगता आलं नाही.

पप्पांची जालन्याहून बदली झाली तेव्हा मी पाचची.
बैलगाडीत पेटी, शास्त्राच्या प्रती,
आईची सुया उकळायची पितळी डबी,
आणि योनातान, जो घाटभर ओकत होता.

दिवाळी सरली की ट्रक यायचे.
कोयते चढायचे, पिठाचे डबे, कोंबड्या, तान्ही पोरं.
शाळेतली पोरं खाली उरायची,
धूळ बसेपर्यंत रस्त्याकडं बघत.
आई जायची, त्यांची नाकं पुसायची
आणि काही न विचारता घरी घेऊन यायची.

पहिल्या वर्षी सहा. मग चौदा.
भांडणं नकोत म्हणून पप्पांनी
खिळा ठोकून ताटल्यांवर आकडे पाडले.
मला वाटलं, एक नंबर माझा.
"आधी पाहुणे," पप्पा म्हणाले.
मला अकरा आली.
आईला ताटलीच नव्हती.
ती उभ्यानं खायची, तव्यावरची शेवटची भाकरी,
मिरचीचा ठेचा तळहातावर घेऊन.

नाताळाआधी मिशनचं गाठोडं यायचं,
डांबरगोळ्यांच्या वासाचं.
त्या साली त्यात लाल कोट होता, लाकडी गुंड्यांचा.
आधी मी पाहिला होता.
आईनं तो जमनीला घातला, कारण जमनी खोकायची.
त्या रात्री मी गुडघे टेकून मागितलं:
प्रभू, मलाही खोकला दे.
प्रभूनं फेब्रुवारीत कांजिण्या दिल्या,
सगळ्यांना, सरसकट.

गावात म्हणायचे, पाळक पोरं बाटवतोय.
एकदा कुणीतरी आडात मेलेलं मांजर टाकलं.
पप्पांनी ते काढलं, दिवसभर आड उपसला,
आणि संध्याकाळी त्याच गल्लीतल्या म्हातारीला
खरजेचं मलम देऊन आले.
जमनीनं आमच्या कोनाड्यात सेवाभायाचा फोटो ठेवला
तर दिव्याला तेल त्यांनीच दिलं.
महिन्याच्या अहवालात मात्र ते लिहिलं नाही.
पप्पांचं एवढं एकच लबाडीचं काम मला ठाऊक आहे.

सात नंबरची ताटली थावराची.
तो बोलायचा नाही. दोन महिने नाही.
पंगतीत बसायचा, ताटली चाटून पुसून
छातीशी धरून झोपायचा.
एका रात्री, थंडीनं पत्रा कडकडत होता,
तो झोपेत म्हणाला, "याडी."
आणि माझी आई,
जिला गोरमाटीचे चार शब्द येत नव्हते,
अंधारातून म्हणाली, "हं."
मी जागी होते.
मी पण हाक मारली, मुद्दाम, मोठ्यानं.
तिनं मलाही तसंच "हं" केलं.
तसंच.
याचा राग मला पुढं कितीतरी वर्षं पुरला.

पाडव्याला ट्रक परतले.
थावरा बापाच्या खांद्यावर बसून तांड्याकडं निघाला,
सदऱ्याखाली काहीतरी चौकोनी-गोल टोचत होतं.
मी ओरडले, "आई, ताटली!"
आई चुलीपुढं होती. "जाऊ दे," म्हणाली, "माघारी येईल."
पुढच्या दिवाळीला तो खाली उरला नाही.
ऊस मोळीला बांधण्याइतका मोठा झाला होता.

गेल्या महिन्यात घर रिकामं केलं.
पप्पा नाहीत, आई नाही, योनातान पुण्यात.
ताटल्या सापडल्या, पोचे आलेल्या, गोणपाटात.
अकरा मी पिशवीत टाकली.
आणि आईची वही, भांड्यांच्या हिशेबाची.
दर जूनला तिनं सगळी भांडी मोजलेली,
फुटलेल्यावर फुली, हरवलेल्यावर फुली.
सातपुढं फुली नाही.
एकवीस जून, एकवीस वेळा,
कधी शाईनं, शेवटी थरथरत्या पेन्सिलीनं:
बाहेर आहे.